शिवकांताअक्कांचे अकरा गळे

आधी नाव लिहिते. शिवकांताअक्का. लातूरला मोंढ्याच्या, म्हणजे धान्याच्या बाजाराच्या, मागच्या गल्लीत त्यांचं दोरखंडाचं दुकान होतं. दोर, सुतळी, केरसुण्या, सुपं, टोपल्या. लातुरात माझं जे काही बरं झालं ते त्यांच्यामुळे झालं, आणि थोडं जुबेदाआपांमुळे. काय झालं ते पुढे येईलच. पण सांगायच्या नादात नाव मागे राहायला नको. माझं तसं होतं. लिहायची सवय नाही. सहावीत शाळा सुटली ती सुटलीच.

मी हदगावकडची. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा लातूर नवीनच जिल्हा झालेला होता. दुकानांच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसून लोक 'जि. लातूर' लिहीत होते, आणि पुसलेलं अजून खालून दिसायचं. आमचे हे डाळ मिलमध्ये कामाला. माहेरी जायचं तर लातूर ते नांदेड एक बस, नांदेड ते हदगाव दुसरी; सगळा दिवस त्यातच जायचा. म्हणून जाणं व्हायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात शेजारणीनं विचारलं, "काय करलालीस गं?"

मी म्हणाले, "भांडे घासून राहिले."

ओट्यावरच्या सगळ्या हसल्या. एक म्हणाली, "राहिली तर राहू दे की बाई, आमी कुठं तिला उठवलालाव?"

त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, ते आता कळतं. तेव्हा मात्र मी तोंडच मिटून घेतलं. चार महिने कुणाशी धड बोलले नाही. आमच्याकडचं 'हाव' तोंडून निघून जाईल म्हणून हो सुद्धा मानेनंच सांगायची. ह्यांना वाटलं, बायको शांत स्वभावाची मिळाली.

त्या वर्षी पाऊस नावालाच झाला. दिवाळी सरली तशी आमच्या खोल्यांमागच्या आडाचं पाणी खाली गेलं आणि दोर पुरेना. मी अक्कांच्या दुकानात गेले ती दोर आणायला.

अक्का ठेंगण्या होत्या. अंगावर इरकल लुगडं, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. चेहरा मोठा शांत. पण तोंड उघडलं की सुपात खडे पाखडल्यासारखा आवाज. दुकानात गिऱ्हाईक असलं की त्यांचे मालक, अप्पा, गल्ल्यावर अस्वस्थ व्हायचे, कारण अक्का मालाचे दोष आधी सांगायच्या. "ही केरसुणी घेऊ नको, महिन्यात गळती. ती घे." कुणी म्हणालं, की अक्का, हीच आवडली, तर म्हणायच्या, "मग महिन्यानं परत आलीस तर मला बोलू नको." अप्पा पानाच्या डब्याचं झाकण उगीच उघडायचे आणि लावायचे.

"किती हात देऊ?" अक्कांनी मला विचारलं.

मी मान हलवली.

"मान मोजता येत न्हाई मला. आड किती खोल हाय?"

"माहीत न्हाई."

अक्कांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, पायात वहाणा सरकवल्या आणि "अप्पा, आलेच," म्हणून माझ्याबरोबर निघाल्या. आडापाशी आल्यावर काठावर हात टेकला आणि डोळे मिटले.

"वाकून हाक मार."

"कोणाले?" माझ्या तोंडून निघून गेलं. घाबरून मी इकडेतिकडे पाहिलं.

"कुणाला न्हाई. नुसता आ लाव. आडाला तुझं गाव कळत न्हाई."

मी बारीकसा आवाज काढला. अक्का म्हणाल्या, "ह्यानं तर चिमणी उडायची न्हाई. पोटातनं." मग मी लावला. आवाज खाली गेला, फिरला, वर आला. तो माझाच होता हे मला पटेना. चार महिन्यांत मी तो ऐकलाच नव्हता. पुन्हा लावला. अक्कांनी बोट वर केलं, "केळु." केळु म्हणजे ऐक. अक्कांचं माहेर उदगीरच्या पलीकडचं, कानडी मुलखाला लागून. त्यांच्या बोलण्यात एखादा शब्द तिकडचा यायचाच.

"अठ्ठावीस हात," डोळे उघडून म्हणाल्या. "तीस घे. दोन हात गाठीला." आणि दुकानाकडे परत फिरताना, मागे न बघता, "चारला दुकानामागं ये. गाण्याची तालीम असती."

दोर सोडला तेव्हा घागर पाण्याला टेकली आणि हातात बरोबर गाठीपुरता दोर उरला. तालमीला मात्र मी त्या दिवशी गेले नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजता जुबेदाआपा दारात उभ्या. त्यांचे मालक भांड्यांना कल्हई करायचे. पिढ्यान्‌पिढ्या लातूरचे लोक. म्हणाल्या, "चल गे. अक्काने बोले, पाय से नै आई तो हात से लाव."

आता मेळ्याचं सांगते. लातूरच्या मोंढ्यात दरवर्षी गाण्याचा मेळा भरायचा. मी आले त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी अमावास्या. अमावास्येला मोंढा बंद. धान्याचे मोठे पत्र्याचे शेड त्या दिवशी मोकळे असतात. त्यातल्या एकात सकाळपासून दिवस मावळेपर्यंत गाणी. गवई कुणीच नाही. हमाल, एसटीच्या वर्कशॉपमधले लोक, शाळामास्तर, टपालवाले, आणि मोंढ्यामागच्या आमच्या गल्लीतल्या बायका. बायकांचा संघ तेवढा एकच. प्रत्येक संघात अकरा गळे पाहिजेत. दहा चालत नाहीत. सगळ्यांनी मिळून गायचं. गाणं मधे तुटलं की संघ बाद. आणि परीक्षक स्टेजकडे पाठ करून, पोत्यांच्या थप्पीकडे तोंड करून बसायचे. गावात सगळेच सगळ्यांना ओळखतात. कोण कुणाचा मेव्हणा, कोण कुणाच्या दुकानी उधार घेतो, ते दिसूच नये म्हणून. चिठ्ठी काढून नंबर मिळायचा आणि परीक्षकांना तेवढा नंबरच कळायचा. आमचा संघ मात्र आवाजावरून कळायचाच, त्याला इलाज नव्हता.

आणखी एक नियम होता, आणि अडचण तिथेच होती. एक वर्ष जो संघ उतरला नाही त्याची जागा गेली. मग रांगेत सगळ्यांच्या मागे. त्या वर्षी आमच्या गल्लीतली एक गाणारी पाणी नाही म्हणून लेकरं घेऊन माहेरी निघून गेली. राहिल्या दहा. आणि जागेवर डोळा ठेवून व्यापाऱ्यांच्या पोरांचा एक संघ दोन वर्षं थांबलेला. त्यातल्या एकाचे वडील, डाळीचे मोठे व्यापारी, दुकानात येऊन गोड बोलून गेले. तालमीआधी मी अक्कांना हाताखाली मदत करायची; तेव्हा तिथेच टोपल्या रचत होते.

"अक्का, यंदा बायकांना पाण्याचं पडलंय. गाणं कुठं सुचतंय? जागा पोरांना द्या. पुढच्या वर्षी बघू."

"शेठजी, बसमधी तुमी उठलाव आणि मी बसले," अक्का म्हणाल्या, "तर पुढच्या स्टॉपला मी उठते का?"

"तुमची अकरावी कुठं हाय पण?"

अक्कांनी माझ्याकडे बोट केलं. "ती काय."

शेठजी म्हणाले, "ही तर बोलत बी न्हाई म्हणत्यात."

"बोलायला कुठं नेलालाव? गायला नेलालाव."

माझ्यामुळे दहा जणींची जागा जाणार, हे तेव्हापासून माझ्या मनात बसलं. पोळी करपली तरी मला वाटायचं, झालं, आता गाणंही असंच करपणार.

अक्का स्वतः गात नव्हत्या. एवढ्या फुटक्या आवाजानं गाणार काय? पण कान असा, की दहा जणी गाताना कुणाची ओळ केसभर घसरली ते नावानिशी सांगायच्या. कौतुक करायच्या नाहीत. 'चालेल' म्हणाल्या तर त्या दिवशी जुबेदाआपा घरी जाऊन शिरा करायच्या. नको असलं की 'साकु', म्हणजे पुरे. 'साकु' दिवसातून पन्नासदा.

त्यांची शिकवायची रीत मी पुढे कुठे पाहिली नाही. आमचं गाणं गल्लीतल्या बायकांनीच कधीतरी जोडलेलं होतं:

उंबऱ्याशी ऊन आलं, दार उघडा गं,
कामाआधी एक ओळ, गळा सोडा गं.

अशी चार कडवी. प्रत्येक ओळीच्या शेवटी लांब आकार, आणि तो तुटायचा नाही. आता माणसाला श्वास तर घ्यावाच लागतो. तर अक्का प्रत्येकीला एक एक सुतळी द्यायच्या. गाणं म्हणताना ती बोटांतून सरकवायची. जिथे गाठ लागेल तिथे आपण श्वास घ्यायचा. अकरा सुतळ्या, आणि कुणाचीही गाठ दुसरीच्या गाठीच्या जागी नाही. एक थांबली की दहा जणी धरून असणार. ऐकणाऱ्याला वाटावं, ह्या बायका श्वासच घेत नाहीत. संघातल्या निम्म्या जणींना वाचता येत नव्हतं. त्यांना ही सुतळी पुस्तकापेक्षा बरी पडायची. मला थोडंफार वाचता येत होतं, तरी मलाही बरी पडली. धरायला हातात काहीतरी असलं की भीती जरा कमी वाटते.

पहिल्या दिवशी मी माझ्या गाठीवर थांबले आणि पुन्हा सुरूच केलं नाही. अक्का म्हणाल्या, "श्वास घ्यायला सांगितलं, मुक्कामाला न्हाई." सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि मला आठवतं, ते हसणं मला लागलं नाही.

तालीम झाली की अक्का परातभर सुशीला करायच्या. भिजवलेले चुरमुरे, कांदा, मिरची, वर शेंगदाण्याचं कूट. खाताना गाण्यावर बोलायचं नाही. तेव्हा फक्त सासवांवर.

पौषात आड पार आटला. मग टँकर. गल्लीच्या कोपऱ्यावर दुपारी तीन ते पाच या वेळात कधीही यायचा, म्हणून दोनपासून घागरींची रांग. तालमीची वेळ तीच. जुबेदाआपा म्हणाल्या, "अब क्या करना अक्का? गाना के पानी?"

अक्का म्हणाल्या, "रांगेत उभंच राहायचं हाय न्हवं? तोंड तर रिकामं हाय."

आणि तालीम रांगेत सुरू झाली. पायाशी घागर, हातात सुतळी, अकरा जणी ओळीनं उभ्या. अक्का रांगेच्या कडेनं फेऱ्या मारायच्या आणि एकेकीच्या तोंडाशी कान न्यायच्या. येणारे-जाणारे सायकली थांबवून बघायचे. एखादा म्हणायचा, "पाणी मागण्याची नवीन तऱ्हा हाय काय ही?" टँकरनं हॉर्न दिला की ओळ जिथे असेल तिथे सुटायची, सगळ्या खाली वाकून घागरी उचलायच्या आणि पळायच्या. अक्काही त्या वेळी कुणाला अडवत नव्हत्या. पाण्यापुढे त्यांचं 'साकु' सुद्धा चालत नव्हतं.

माझा नंबर शेवटचा. नवीन भाडेकरू म्हणून तसा ठरलेला. माझ्या घागरीची पाळी यायला अर्धा तास जायचा. पहिल्या दिवशी मी गप्प उभी राहिले तर अक्का म्हणाल्या, "तुला कशाची घाई? तुझा नंबर येईस्तोवर तू चालू ठेव." तिकडे घागरींचा खणखणाट, भांडणं, ड्रायव्हरची ओरड, त्या गोंधळात माझं कोण ऐकणार? म्हणून मी गायची. कुणी ऐकत नाही याची खात्री असली की माझा गळा मोकळा व्हायचा. रोज अर्धा तास, एकटी, रांगेच्या शेवटाला.

मेळ्याला आठवडा राहिला आणि एक अर्ज भरायचा निघाला. नवीन जिल्ह्याचे कुणी साहेब पाहुणे म्हणून येणार होते, त्यामुळे यंदा सगळं कागदावर. नाव, वय, पत्ता, आणि शिक्षण. दुकानात बसून अप्पा भरत होते. शिक्षणाचा रकाना आला आणि मी टोपल्यांमागे सरकले.

"हिचं काय लिहू?" अप्पांनी विचारलं.

"चालू," अक्का म्हणाल्या.

"चालू म्हणजे?"

"शिक्षण चालू हाय. सगळ्यांचंच लिहा."

"अगं, कमळाबाईला साठावं लागलंय. शाळेचं तोंड पाहिलं न्हाई तिनं."

"मग? परवा दुसऱ्या ओळीत चुकली, काल बरोबर म्हणाली. शिकलालीच की ती."

अप्पांनी अकरा वेळा 'चालू' लिहिलं. अर्ज परत येईल या धास्तीनं मला दोन दिवस जेवण गेलं नाही. आला नाही. कुणी वाचलाही नसेल.

अमावास्येला सकाळी शेड भरून गेला. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, शेंगांच्या टरफलांचा सडा. आमची चिठ्ठी सातवी निघाली. आमच्या आधी हमालांचा संघ होता. त्यांचा आवाज एवढा, की पत्र्यावरची धूळ खाली आली. परीक्षकांपैकी मधले, म्हातारे, शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेले गुरुजी, थप्पीकडे तोंड करून मान डोलवत होते. जुबेदाआपा माझ्या कानात म्हणाल्या, "इनके बाद अपन मच्छर लगेंगे."

आम्ही चढलो. प्रत्येकीच्या पदराखाली सुतळी. अक्का स्टेजच्या पायाशी जमिनीवर बसल्या. त्यांच्या हातातही एक होती, बिनगाठीची. ती वर गेली की चढायचं, सैल पडली की हळू. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. माझी बोटं सुतळीवर होती. तिसऱ्या कडव्याचा लांब आकार लागला आणि मोंढ्याच्या फाटकात टँकरनं हॉर्न दिला. मेळ्याला आलेल्या माणसांच्या पिण्यासाठी पाणी आणलं होतं.

दहा जणी थांबल्या. जागच्या जागी. आणि दहाच्या दहा खाली वाकल्या, घागर उचलायला. घागरी तिथे कुठल्या? कमळाबाईंनी तर नसलेली घागर उचलून कमरेवर सुद्धा घेतली. समोर बसलेल्या बायकांतल्याही निम्म्या उठून उभ्या राहिल्या.

मी गात होते. धीट म्हणून नाही. हॉर्न माझ्यासाठी कधी नव्हताच. माझा नंबर शेवटचा. हॉर्न वाजला की चालू ठेवायचं, एवढंच माझ्या अंगात बसलेलं. दोन-तीन क्षणांनी कळलं की आवाज एकच आहे. तो पत्र्यापर्यंत जाऊन परत येत होता आणि सगळा मोंढा तो ऐकत होता. मी खाली अक्कांकडे पाहिलं. त्यांनी सुतळी दोन्ही हातांत ताणून वर धरली होती. सोडू नको.

बोटाला माझी गाठ लागली. आता श्वास. पण धरायला मागे कोण होतं? मी थांबले असते तर गाणं तुटलं असतं, संघ बाद, जागा गेली. मी गाठीवरून बोट पुढे सरकवलं. छाती दुखायला लागली, डोळ्यांपुढे काळे ठिपके आले. आणि डाव्या बाजूनं जुबेदाआपांचा आवाज आला, माझ्या आवाजाच्या खालून, जसा कुणी जड बोजा खालून हात घालून घ्यावा तसा. मी श्वास घेतला. मग एकेक करत सगळ्या आल्या. चौथं कडवं आम्ही कधी नव्हे इतकं मोठ्यानं म्हणालो. शरमेनं म्हणालो असू.

स्टेजवरून उतरल्यावर कुणी कुणाकडे बघेना. कमळाबाई एवढंच म्हणाल्या, "माझी तर भरून बी झाली असती गं," आणि मग आम्ही तोंडाला पदर लावून हसत सुटलो.

संध्याकाळी निकाल लागला. गुरुजींनी कागद वाचला. पहिले हमाल. मग म्हणाले, "सात नंबरच्या संघानं तिसऱ्या कडव्यात सगळे आवाज एकदम काढून घेतले, एकच गळा ठेवला, आणि मग एकेक आवाज परत भरत आणला. ही मांडणी आम्हाला फार आवडली. दुसरा क्रमांक."

शेडमध्ये हशा पिकला. परीक्षकांना कळेना काय झालं. आम्ही खाली माना घातल्या. आणि अक्का उठून उभ्या राहिल्या.

"गुरुजी, ती मांडणी न्हाई. टँकर आलता."

"म्हणजे?"

"बाया घागरी उचलाया वाकल्या. ही एक गात राहिली. आमी काही बसवलेलं न्हाई. फुटकं सूप चांगलं म्हणून मी विकत न्हाई, नंबर परत घ्या."

जुबेदाआपांनी कपाळावर हात मारून घेतला. पुरुषांकडून कुणीतरी म्हणालं, "अक्का, बसा की खाली." मला वाटलं, झालं, जागा आता जाते. व्यापाऱ्यांच्या पोरांचा संघ तिथेच बसला होता.

गुरुजी म्हणाले, "गाणं तुटलं होतं का?"

"न्हाई. तुटलं न्हाई."

"मग अक्का, आम्ही पाठ करून कशाला बसतो? दिसू नये म्हणून. तुम्ही कशानं वाकलात ते आम्हाला माहीत नाही, माहीत करून घ्यायचंही नाही. कानाला आलं त्याला गुण दिले."

अक्कांनी थोडा विचार केला. "बरं," म्हणाल्या आणि बसल्या. पण गल्लीत परत येताना आम्हाला म्हणाल्या, "दुसरा नंबर टँकरचा. आपला तिसरा समजायचा." आणि खरंच, पुढेही कुणी विचारलं तर त्या तिसराच सांगायच्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तर त्यांनी हात पुढे केला. "सुतळी दे तुझी." मी दिली.

"गाठीवर श्वास का घेतला न्हाईस?"

"कोणी नव्हतं धरायले."

अक्कांनी ती गाठ नखानं सोडवली. बराच वेळ लागला, घट्ट बसली होती. मग चार बोटं पुढे नवी मारली. "तुझा दम लांब हाय," म्हणाल्या. "मी आधी चुकीच्या ठिकाणी बांधली." आपलं चुकलं असं अक्कांच्या तोंडून मी तेवढं एकदाच ऐकलं. अप्पांनी डब्याचं झाकण उघडलं आणि तसंच ठेवलं.

त्यानंतर मी बोलायला लागले. कधी ते सांगता येणार नाही. गल्लीतल्या बायका मला मुद्दाम विचारायच्या, "काय करून राहिली गं?" आणि मी म्हणायची, "तुमच्या नावानं बोटं मोडून राहिले." पाच मेळे मी त्यांच्यात उभी राहिले. जागा कधी गेली नाही. पुढच्या वर्षी टपालवाले उतरले नाहीत, त्यांची जागा त्या थांबलेल्या पोरांच्या संघाला मिळाली, आणि तालमीला येऊन अक्कांचं 'साकु' खाऊन गेले तेही.

मग ह्यांना मुदखेडला रेल्वेच्या मालधक्क्यावर काम लागलं आणि आम्ही लातूर सोडलं. आदल्या दिवशी मी अक्कांकडे गेले, रडले, काहीबाही बोलले. त्या म्हणाल्या, "उपकार-बिपकार मला सांगू नको. बसमधी खिडकीशी बस, मळमळत न्हाई." आभार त्यांनी घेतलेच नाहीत.

निघायच्या सकाळी सामान घातलेली रिक्षा त्यांच्या दुकानावरून गेली. अक्का दुकानात नव्हत्या. जरा पुढे रस्त्यातच, एका भाजीच्या गाड्याला आडव्या उभ्या होत्या. भाजीवाला नवीन पोरगा होता, रेणापूरकडचा.

"तुझी हाक शेवटाला खाली पडती," त्याला सांगत होत्या. "गिऱ्हाईकाला वाटतं, मेथी संपली. पुन्हा म्हण."

"अक्का, जाऊ द्या की, ऊन झालं."

"म्हण."

मी रिक्षातून हाक मारली, "अक्का, येते." त्यांनी हात वर केला, थांब असा. मला की त्याला, कळलं नाही. त्यांचे डोळे मिटलेले होते. पोरगा मान वर करून ओरडला, "मेथी घ्या, मेथी," आणि या वेळी शेवट खाली पडला नाही. रिक्षा वळली.

पुन्हा भेट झाली नाही. जुबेदाआपांच्या सुनेचा फोन येतो अधूनमधून. अक्का थकल्यात, पण मेळ्याला खुर्ची टाकून पुढे बसतात म्हणाली.

इथे मुदखेडला आमच्या चाळीत मी बायका जमवते आहे. सहा झाल्या. एक नांदेडला कामाला जाते म्हणून रविवारीच येते, एकीचा नवरा कुरकुर करतो. मला शिकवता येतं असं नाही, चुका फार होतात, आणि रात्री पडल्या पडल्या वाटतं की उद्या कुणी येणारच नाही. येतात. अजून पाच पाहिजेत. त्या झाल्या की अकरा जणींना घेऊन मी लातूरला जाईन, जागेसाठी रांगेत थांबावं लागलं तर थांबेन, मोंढ्यात चिठ्ठी काढीन आणि अक्कांच्या खुर्चीसमोर गाऊन दाखवीन. त्या 'चालेल' म्हणाल्या तर फिटलं असं धरीन. 'साकु' म्हणाल्या तर पुढच्या वर्षी पुन्हा नेईन.